सुईणबाईंची सायकल आणि चाकांचे प्रदर्शन

चाकाचा इतिहास सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मी आजवर सौम्यपणे विचारीत आलो. सुईणबाईंच्या सायकलीचे जे झाले, त्यानंतर तो सौम्यपणा मला शक्य नाही.

सुईणबाई आमच्या शेजारच्या. वयाने उतरलेल्या, स्वराने खणखणीत. वीटभट्ट्यांपलीकडच्या वस्तीपर्यंतच्या अरुंद वाटा त्यांनी एकाच काळ्या सायकलीवरून तुडवल्या. बोलावणे आले की चपला सरकवण्याआधी चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहत, मग कात्री-कापडांची पिशवी मागे बांधत.

परवा सकाळी त्या बाजारात असताना त्यांच्या भाच्याने ती सायकल नव्या वाहन-संग्रहालयाला देऊन टाकली.

"मावशी, अगं केवढा मान आहे! अजून किती दामटणार तो खटारा?"

"मान तुझ्या उशाला ठेव. आधी माझी सायकल आण. वस्तीतल्या पोरीचे दिवस भरलेत!"

घरी निरोप ठेवून आम्ही तिघे त्याच दुपारी संग्रहालयाकडे निघालो. दालनात ओंडक्याचे भरीव चाक होते, आऱ्यांचे चाक होते, पायांनी जमीन रेटीत न्यायची लाकडी दुचाकी होती. रांगेच्या शेवटी सुईणबाईंची सायकल, आणि खाली पाटी: 'गतकाळातील सुईणीचे वाहन'.

"गतकाळातली? काल संध्याकाळी हिच्यावरूनच बाळंतीण बघून आले मी! मेले की काय?"

संग्रहालयाचे संचालक हसले. "बाई, मुलं चाकं फिरवतात हो. म्हणून आल्या आल्या लोखंडी चौथऱ्याला वेल्डिंग करून टाकलं. आता निघायची नाही."

भाच्याने मान खाली घातली. माझ्या मस्तकात मात्र तिडीक उठली. मनुष्याने ओंडक्यात आस घातला तो फिरण्यासाठी. भरीव लाकूड कोरून आरे केले ते भार हलका व्हावा म्हणून. पायांचे बळ साखळीने मागच्या चाकाला दिले ते दूर पोहोचता यावे म्हणून. पिढ्यांच्या या तपश्चर्येचे फळ लोखंडाला जखडून ठेवायचे, वर त्यालाच ज्ञानोपासना म्हणायचे! हा सन्मान नव्हे. ही विटंबना आहे.

एवढ्यात वस्तीतला एक मजूर धापा टाकीत आला. "बाई, चला! बायकोला कळा सुटल्यात."

संचालकांनी लगबगीने मोटार काढली. विटांच्या राशींमधल्या बोळाशी ती अडली. पुढेही जाईना, मागेही येईना.

"सायकल असती तर एव्हाना पोरीचा हात धरला असता मी," असे म्हणून बाईंनी पदर खोचला आणि चिखलातून चालू लागल्या. पिशवी भाच्याने घेतली.

पोहोचेतो मूल जन्मले होते. घाबरलेल्या नणंदेने ते जुन्या लुगड्यात धरले होते, नाळ तशीच. थकलेली आई एवढेच म्हणाली, "बाई, किती वाट बघितली तुमची."

बाईंनी हात धुतले, कात्री मागितली आणि भाच्याकडे न पाहता म्हणाल्या, "उद्या करवत घेऊन जा. चौथरा कापावा लागला तरी काप."