अंतरपाटाचं दुसरं टोक

नलिनीताईंची आणि माझी ओळख सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या एका लग्नात झाली, तीही मी ताडमाड उंच म्हणून. अंतरपाट धरायला एक माणूस कमी पडत होता. ताईंनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अहो उंच पाहुणे, जेवायची घाई नसेल तर इकडे या." मी तेव्हा जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो, सातवी शिकलेला. शिकल्यासवरल्या मंडळींत अंग चोरून उभा होतो. त्या दिवसापासून ते टोक माझ्याकडेच आहे. मंगलाष्टकं म्हणायला ताईंनीच शिकवलं आणि चार ओळी लिहायलाही.

सिंगापुरात लग्नाला हॉल मिळतो, भटजी मिळतात, घरचं माणूस मिळत नाही. ती उणीव ताईंनी भरून काढली. कुणाच्या आईला वेळेत येता आलं नाही, तर तिच्या जागी ताई उभ्या. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो, तिथे त्या पांढरी फुलं घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी हाताने शिवलेल्या अंतरपाटाच्या किनारीवर प्रत्येक जोडप्याचं एक जोडपान, म्हणजे एका देठावरची दोन पानं, दोऱ्याने भरलेलं आहे, खाली दोघांची आद्याक्षरं. नियम एकच: अंतरपाट एकटा कुठे जात नाही, टोक धरणारा सोबत जातो.

माझी लेक मेघा सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमधून नोकरीला अमेरिकेत गेली. एमिली नावाच्या मुलीशी लग्न करणार असल्याचं तिने सांगितलं, तेव्हा मी फोन ठेवला तो जवळजवळ दोन वर्षं ठेवलाच. मग तिने तारीख कळवली आणि अंतरपाट मागितला. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ही ती राहते त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतली जुनी ओळ ठेवायची की काढायची, यावर त्याच सुमारास मतदान होतं. देशाच्या वरच्या कोर्टाच्या निकालामुळे असं लग्न तेव्हाही लागत होतं, पण ओळ राहिली तर उद्याचा भरवसा नाही, म्हणून मुलींनी मतदानाआधीचा दिवस धरला होता.

मला पळवाट सापडली. ताईंना म्हटलं, मेघाला अंतरपाट हवाय, पण तिथला निकाल लागेपर्यंत थांबू.

"कसला निकाल? आधी मुलाचं नाव सांगा."

मी भिंतीकडे बघत म्हणालो, "एमिली." मग सगळंच सांगून टाकलं.

ताईंनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दामूभाऊ, मला यातलं सगळं उमगतं असं नाही. पण तिथले लोक कायद्यावर मत देतील. लेक तुमचं मत विचारतेय. ते लाखो लोकांवर कशाला ढकलता?"

चोआ चू कांगचे आमचे एक स्नेही समजवायला आले की एवढ्या जोडप्यांच्या रांगेत हे पान नको. ताईंनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि आठवण करून दिली की त्यांच्या आंतरजातीय लग्नाच्या वेळी त्यांचे काकाही हेच सांगून गेले होते. स्नेह्यांना पटलं असं नाही, पण त्यांनी दुसरा कप मागितला.

ताईंनी जोडपान भरलं, खाली 'मे' आणि 'ए'. मी म्हटलं, कुरियरने पाठवतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नियम विसरलात?"

मी गेलो. एक टोक माझ्या हाती, दुसरं एमिलीच्या वडिलांच्या, तेही माझ्याएवढेच उंच. शेवटचं 'सावधान' मी म्हटलं. कापड खाली आलं तेव्हा मेघा आधी माझ्याकडे बघत होती.

पुढे मतदान झालं, ती ओळ निघाली. मी घाईने ताईंना फोन केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरींना आशीर्वाद सांगा. आणि हळदीचा डाग पडला असेल तर गरम पाणी लावू नका."

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. किनारीवर अजून वीतभर जागा आहे. ती भरावी, मग त्यांनी नवा अंतरपाट शिवायला घ्यावा आणि त्याचंही टोक मलाच धरायला सांगावं, एवढं आयुष्य, आणि सुईत दोरा ओवण्याइतकी नजर त्यांना लाभो. माझे हात अजून वर जातात.