पोकळ अक्षरं

१९९९ साली अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं, आणि मी चांगला कमावता पेंटर, हातातली कामं टाकून तिथे जाऊन बसू लागलो. खेळायला नाही. खेळ संपला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, ती बघायला. आतून पोकळ, नुसत्या कडा, सगळं पट्टीने आखलेलं, गोलाईच्या जागी कापलेले कोपरे. तशी मराठी अक्षरं आमच्याकडे कोणी काढलेली नव्हती. मी आलेखाच्या वहीत चौकटी मोजून काढली. एकट्या ‘क’ने आठ दिवस खाल्ले.

पुढची दहाएक वर्षं दुकानांच्या पाट्या, नाटकांचे बोर्ड, सगळं त्याच अक्षरांत रंगवलं. हे काम कोणाचं, ते लोक लांबूनच ओळखायचे. मला दुसरी कसली हौस नव्हती.

मग गावात फ्लेक्सवाला आला. बघायला म्हणून वही घेऊन गेला, दोन दिवसांनी परत आणून दिली, वर चहाही पाजला. महिन्याभरात त्याच्या प्रत्येक फ्लेक्सवर माझी अक्षरं. मी जाब विचारायला गेलो, तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “अक्षरावर कोनाचं नाव लिवलं रायते का, भाऊ?” गिऱ्हाइकं हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. दोन गावांची मंडई एकाच दिवशी असली, तर लोक रस्त्यावरचे बोर्ड वाचून कुठे वळायचं ते ठरवतात. त्या वर्षी आमच्या गावच्या नाटक मंडळाचा मोठा बोर्ड त्याला मिळाला. आणि हा निर्लज्ज मलाच विचारायला आला, “रेघ किती जाड ठेवू, भाऊ?”

पोकळ अक्षर रस्त्यावरून वाचता यायचं तर रेघ जाडच लागते. वहीत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

“बारीक ठेव,” मी म्हणालो. “बारीकच सुंदर दिसते.”

कॉम्प्युटरवर हातभर अंतरावरून ती दिसलीही सुंदर. मंडईच्या सकाळी मात्र रस्त्यावरून नुसता निळा फ्लेक्स दिसत होता, नाटकाचं नाव कुठेच नाही. मंडळाच्या लोकांनी त्याला भर चौकात असं झापलं, की मी पानटपरीवर उभ्या उभ्या दुसरं पान लावायला सांगितलं. मग ते धावत माझ्याकडे आले. मी पुरेसा भाव खाल्ला. पत्र्याच्या जुन्या बोर्डावर सगळ्यांदेखत नाव रंगवायला घेतलं, आणि शिडी धरायला त्यालाच उभं केलं.

“काऊन फसवलं, भाऊ?” तो खालून म्हणाला.

“तुले कायले खरं सांगू?”

इतकं गोड वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो माझ्या ब्रशकडे बघत राहिला. मला वाटलं, शरमला.

पुढच्या आठवड्यापासून त्याच्या सगळ्या फ्लेक्सवर रेघ जाड झाली, अगदी माझ्याइतकी. वर्षभराने मंडळानं बोर्डाचं काम पुन्हा त्यालाच दिलं.