‘पूर्ण आराम’ लिहिणाऱ्या बाई

चार वर्षांपूर्वी मी एक शुद्ध गाढवपणा केला. तेव्हा मी जेमतेम सत्तरीची, कोवळी पोर. अक्कलदाढ नुकतीच काढली होती, तिच्याबरोबर अक्कलही गेली असावी. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं मन राखायला मी चक्क शास्त्राला फसवायला निघाले. आणि तेही कुणाच्या डोळ्यांदेखत, तर जयपुरात ज्यांच्याइतकी हट्टी बाई अजून जन्मायची आहे, आणि जन्मली असती तर त्यांच्याच हातून जन्मली असती, अशा बाईंच्या!

बाई मूळच्या नागपूरच्या, तेव्हा ब्याऐंशीच्या. बस्सीपासून चौमूंपर्यंतच्या बायका बाळंतपणाला त्यांच्याकडे येत. बगरूच्या छापाची सुती साडी आणि तिच्यावर पांढरा कोट. बाई निवृत्त झाल्या, कोट झाला नाही. भाजी आणायलाही त्याच वेषात जातात, आणि भेंडी अशी हातात धरतात की भाजीवाल्या भैयाला वाटावं, आता हिची नाडी बघणार. गर्भ डळमळीत दिसला की कागदावर त्या दोनच शब्द लिहीत: ‘पूर्ण आराम’. मलाही लिहिले होते. मुलाच्या वेळी पाच महिने मी पलंगावर, पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट, डोकं खाली, पाय वर, वटवाघळासारखी. मुलगा झाला. त्या विटा देव्हाऱ्यात ठेवायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. आज त्या माझ्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीखाली आहेत.

एकदा त्यांच्या जुन्या कॉलेजातल्या कार्यक्रमात एका तरुण तज्ज्ञाने सांगितलं, की असं निजवून ठेवल्याने गर्भ टिकतो याला फारसा आधार नाही. बाई तावातावाने उठल्या. तेव्हा विभागप्रमुख गोड हसून म्हणाले, “मॅडम, अब तो आप आराम कीजिए.”

बस्स! परतताना रिक्षातच त्यांनी जाहीर केलं, “आराम करा म्हणे! त्या आरामाचीच आता झडती घेते. जगात यावर जेवढे शोधनिबंध निघालेत तेवढे गोळा करायचे आणि निबंध निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘घ्या’ की ‘वगळा’ असं पद्धतशीर गाळायचे. दोन माणसं लागतात. दुसरी तू.” मी कॉलेजची निवृत्त ग्रंथपाल, संशोधन म्हणजे कपाटात लावायची वस्तू, एवढीच माझी ओळख. नाही म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “नाही म्हणायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते तुझ्या तोंडात नको.”

माझ्या नातीने त्यात प्रकल्प उघडून दिला. नावाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, ‘आराम: खरा की खोटा’. माझं आमंत्रण ईमेलने आलं, ते मी लॉटरीची फसवणूक समजून दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा बाई कुंकवाचा करंडा घेऊन जिना उतरल्या, “आता तरी येशील?” एकच निबंध दोनदा आला की सॉफ्टवेअर विचारायचं, यातला कुठला काढू? “आयुष्यभर जुळी सुखरूप ठेवली, आणि हा मेला म्हणतो एक टाकून दे!” असं पुटपुटत प्रत्येक जोडी त्यांनी जातीने तपासली. ‘मेबी’च्या बटणावर तर बंदीच घातली. “दिवस गेलेत की नाहीत, यात कदाचित नसतं.” शेवटी मतं झाकायची खूणही त्यांनीच लावली: दोघींनी आपापल्या घरी वाचायचं, एकीचं मत दुसरीला दिसायचं नाही. आणि माझ्या फ्रिजवर नियम चिकटवला: निबंध आपल्या प्रश्नावर बोलतो का, एवढंच बघ. कुणाच्या बाजूने बोलतो, ते बघू नकोस.

मी नेमकं तेच बघितलं. आरामाने फरक पडत नाही असं ज्याच्या सारांशात दिसलं, तो वगळला. कारण दिलं, ‘विषय वेगळा’. कसला डोंबलाचा वेगळा? विषय माझा मुलगा होता. आणि जन्मभर बायकांना निजवणाऱ्या या बाईंना म्हातारपणी कुणी आडवं पाडू नये, हा होता. मला वाटलं, झाकलेली मतं म्हणजे झाकली मूठ!

तीन आठवड्यांनी माझ्याच गॅलरीत बसून नातीने झाकण काढलं, तर मतभेदांची यादी पडदाभर. स्वतःविरुद्ध बोलणाऱ्या एकूण एक निबंधाला बाईंनी ‘घ्या’ म्हटलं होतं.

“आजी, मतलब... तू चीटिंग केली?” नात म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला. मी तोफेची वाट बघत बसले.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “मी कितीक पोरींना महिनोन् महिने निजवलं. कुणाची नोकरी गेली, कुणाला सासू बोलून राहिली होती. ते सगळं उगीच होतं का, हे जाता जाता तरी कळू दे मला. माझी बाजू घेऊ नको. माझ्या बाजूला बस.”

बसले. वगळलेला एकेक निबंध परत आत घेऊ लागले. मध्येच मोगऱ्याकडे नजर गेली आणि राहवेना. विचारलं, “पण बाई, माझ्या विटा फुकटच्या ठरल्या तर?”

पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “ठरल्या तर ठरल्या. कुंडीखालून मात्र काढू नको हो. तिथे त्यांचा उपयोग सिद्ध झालाय.”