ओढ्याकाठचा कोपरा

दुपारी जेवण आवरून हात धूत होते, तेवढ्यात रत्नमालाच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली," म्हणाला. मग त्याने सांगितलं, मामा तिला गावाकडे न्यायचं म्हणतायत. मला आश्चर्य वाटलं. रत्नमालाचा हा धाकटा भाऊ, दिलीप, कित्येक महिने तिच्याशी बोलत नव्हता.

रत्नमालाने आणि मी नगररचनेच्या कचेरीत शेजारच्या टेबलांवर काम केलं. गावोगावचे नकाशे रंगवायचे, शेतीला हिरवा, घरांना पिवळा. मी पुण्यातल्या कसब्यातली, माती पाहिली ती कुंडीतली. ती वाघोलीच्या पुढच्या एका गावातल्या बौद्धवस्तीतली. एखादी मोकळी जागा पिवळी करायची झाली की ती आधी तिथे जाऊन यायची. साहेब वैतागायचे. "अहो बाई, नकाशावर काहीच नाही तिथे." "म्हणूनच जाते," असं म्हणून ती पर्स उचलायची. तिचा हा हट्ट तेव्हा आम्हाला जरा अतीच वाटायचा.

ती निवृत्त झाली आणि पुढे तिच्याच गावावर पिवळा रंग आला. ऐसपैस प्लॉट, प्रत्येकावर एकच बंगला, बाकी हिरवळ. शनिवार-रविवारची वस्ती, असं ती त्याला म्हणायची. दिलीपचं शेतही त्यात होतं. तो खूश होता, आणि का नसावा? मुलं हाताशी आलेली, एजंट दारात चहाला बसलेले. पण त्याच शेताचा ओढ्याकाठचा कोपरा म्हणजे वस्तीचं स्मशान. पूर्वी गावच्या स्मशानात वस्तीला मज्जाव होता, तेव्हा यांच्या आजोबांनी तो कोपरा दिला होता. सातबाऱ्यावर मात्र ते नुसतं शेत. रत्नमालाने हरकत घेतली की एवढा कोपरा वगळा आणि नकाशावर स्मशान दाखवा. आता स्मशानाशेजारी बंगला कोण हौसेने बांधणार? दिलीप तडक पुण्याला आला. मी तेव्हा रत्नमालाच्या घरीच बसले होते.

"ताई, तू मेलेल्यांचं बघतीस. माझ्या पोरांचं कुणी बघायचं?"

त्यानंतर त्याने तिचा फोन उचलणं सोडलं. त्याचंही चुकत नाही, असं मी तिला म्हटलं. "नाहीच चुकत," ती म्हणाली, "तेच तर छळतंय मला."

सुनावणीला मी तिच्यासोबत गेले. इतकी वर्षं लोक आमच्या टेबलापुढे उभे राहायचे, त्या जागी आता ती उभी होती. ते पाहून मला गलबलून आलं. तरुण अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, "मॅडम, स्मशानाची कुठे नोंद आहे का?"

"ज्यांना जाळायलाही जागा दिली नाही, त्यांची नोंद कोण ठेवणार होतं, साहेब?"

तो खाली मान घालून लिहीत राहिला. बाहेर चहा पिताना ती म्हणाली, पोरगा गुणी आहे, पण गावाला जाऊन बघेल असं काही वाटत नाही. निकाल लागायच्या आधीच तिचं जुनं दुखणं बळावलं.

अंत्यविधी गावच्या नव्या स्मशानात होणार असं मी धरून चालले होते. तिथे शेड आहे, आणि आता तिथे कुणाला मज्जाव नाही. पण दिलीप आम्हाला शेतात घेऊन गेला. ओढ्याकाठी त्याने स्वतः लाकडं रचून ठेवली होती. वस्तीतल्या लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. ओढ्यापलीकडे पहिले बंगले उभे राहिलेत. तिथल्या एका गच्चीत कुणीतरी येऊन थांबलं आणि आत गेलं. एजंटही आला होता, तो बांधावरूनच परत फिरला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या नावाने ठेवलेल्या वंदनेच्या दिवशी मी दिलीपला बाजूला घेऊन विचारलं, हे काय केलंस?

"पुण्यातच उरकलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, ठाव हाय मला. पण आई हितं हाय, अण्णा हितं हायत. ताईला एकटीलाच तिकडं ठिवायची? आन उद्या पोरांनी मला कुठं न्यायचं?"

मला रडू आवरेना.

निकाल अजून लागलेला नाही. परवा दिलीपने फोन करून विचारलं, हरकत घेणारं माणूसच गेलं की हरकत रद्द होते का. मी म्हटलं, अरे, तसं काही नसतं, पण पाठपुरावा करायला घरचं कुणीतरी हवं.

"मग तिथं माझं नाव घाला," तो म्हणाला.