तर्जनीचा शिफ्टर

सायकलचा गियर बदलायची कळ, म्हणजे शिफ्टर, तुटल्यावर पंधरा दिवस मी नुसती चर्चा ऐकली. अंबरनाथला आनंदनगरच्या आमच्या कंपनीत चहाच्या वेळी दोन पक्ष पडले. एक जपानी कंपनीचा, एक अमेरिकन. ज्यांच्याकडे सायकलच नाही ते सगळ्यात मोठ्याने बोलत. मी पार वैतागून गेलो. रोज बदलापूर गावातून निघायचं, उड्डाणपूल चढायचा, आणि पुढे अंबरनाथपर्यंत एकाच गियरवर रेटत राहायचं. गुडघे कुरकुरायला लागले होते.

पण शेअर रिक्षा नको होती. रिक्षात मांडीला मांडी लावून बसावं लागतं, हात लपवायला जागाच उरत नाही. माझ्या उजव्या हाताची तर्जनी आधीच्या कंपनीत प्रेस मशीनखाली गेली, मुळापासून. शेजारचं मधलं बोट आहे, पण वाकत नाही. सायकलवर हातमोजा घालता येतो, कामावर तर असतोच. मोज्याच्या रिकाम्या बोटात मी चिंध्या कोंबतो. लांबून पाचही बोटं दिसतात. प्रेसवर बोटं गेलेली बरीच माणसं असं काहीतरी करतात, निदान नवी नोकरी मागताना हात खिशात ठेवतात. चार वर्षं झाली. या लपवाछपवीचा आता खरंच कंटाळा आलाय, पण सवय सुटत नाही.

उल्हासनगरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सिंधी मालकाने दोन्ही शिफ्टर पुढे ठेवले. "दाबून बघा. हाताला कोणता बसतो ते आधी, कंपनी बाद में."

त्यासाठी मोजा काढावा लागला असता. मी म्हटलं, "जपानी द्या. सगळे तोच चांगला म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर अंगठ्याने कळ दाबली, गियर हलका झाला, बरं वाटलं. पूल उतरून सपाट रस्ता लागला. आता गियर जड करायचा तर छोटी कळ ओढायची होती, आणि ती होती तर्जनीची. चिंध्यांचं बोट तिच्यावरून नुसतं घसरत राहिलं. पाय भिरभिर फिरत होते आणि सायकल काही पुढे सरकेना. शेवटी उतरलो आणि डाव्या हाताने कळ ओढली. आठवडाभर हेच. स्वतःला शिव्या घातल्या, दुसरं काय करणार.

सुट्टीच्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो.

"बसवलेला माल परत नाही घेत, साईं," मालक म्हणाला. "इसमें खराब क्या है?"

खराब काहीच नव्हतं. मी मोजा काढला आणि हात काउंटरवर ठेवला.

तो बघत राहिला. "पहले दिखाना था ना," एवढंच म्हणाला आणि आतून अमेरिकन शिफ्टर घेऊन आला. त्याच्या दोन्ही कळा अंगठ्याच्या होत्या. मागच्या चाकाजवळ चेन सरकवणारा भागही त्याच कंपनीचा लागेल, जुना जुळणार नाही, हेही त्याने सांगितलं. मग माझा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा कळेवर नेऊन टेकवला.

"अब दबाओ."

मी दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्.

चार वर्षांत तो हात कोणी धरला नव्हता. बायकोसुद्धा माझ्या डाव्या बाजूने चालते, तशी सवय मीच तिला लावली. मला दुकानातच रडू कोसळलं. म्हाताऱ्याने हात सोडला नाही.