वहिनींची तार

एप्रिल १९६३, रविवार दुपार. जमलेली रक्कम वीस मार्क. हजर सात: कोलोनला शिकणारे पाच मराठी विद्यार्थी, माझी बायको आणि मी. जागा आमचंच स्वयंपाकघर.

पासष्टनंतरही इंग्रजी राजकारभारात चालू ठेवायचं विधेयक दिल्लीत आलं होतं. त्याला विरोध म्हणून गृहखात्याला तार करायची, हे ठरलं. विद्यार्थ्यांचे तीन-तीन मार्क, माझे पाच. मुलांपैकी एकाने मसुदा वाचला. तो इंग्रजीत होता.

"मला यातलं काही कळलं नाही," बायको म्हणाली. "याच्याखाली माझं नाव नको."

"वहिनी, मराठी तार दिल्लीत वाचणार कोण?"

"शोधू देत की कुणाला तरी! माझे वडील गेले तेव्हा इंग्रजीतच तार आली होती. ती हातात धरून मी तासभर जिन्यात उभी होते, वाचणारं कुणी येईपर्यंत. इथे टपालातला जर्मन फॉर्म माझा मी भरते. माझ्याच गावात तो इंग्रजीत, म्हणून मला भरता येत नाही."

"पण इंग्रजी गेली तर हिंदी बसेल उरावर," आता एका विद्यार्थ्याला शंका आली.

"कोण बसतंय ते नंतर बघू. मला विचारायला कोण आलं होतं?"

एकजण हसून म्हणाला, "चला, वहिनी लोकसभेत!" दुसरा मात्र चिडला. असल्या पोरखेळात आपण नाही, असं म्हणत दोघेही आपापले तीन मार्क उचलून गेले. उरले चौदा.

"अहो, लिहा," ती मला म्हणाली. तिने सांगितलं, मी रोमन अक्षरांत उतरवलं: इंग्रजी न येणाऱ्या बायकांचाही हा देश आहे. आमच्याशी आमच्या भाषेत बोला. पत्ता आणि तिची सही धरून सोळा शब्द झाले. इंग्रजी मसुदा चोवीसचा होता, आणि तारेचे पैसे शब्दागणिक पडतात. हे मी उरलेल्या तिघांना मोजून दाखवलं, तेव्हा त्यांचीही कुरकुर थांबली.

स्टेशनजवळच्या तारघरात खिडकीतल्या बाईने कागद दोनदा वाचला. "ही कोणती भाषा?"

"माझी," बायको जर्मनमध्ये म्हणाली, आणि मी बोलायच्या आत पुढे झाली.

बाईने शब्द मोजले. एकोणीस मार्क वीस फेनिग. चौदा मी दिले. कमी पडलेल्या पाच मार्क वीस फेनिगांसाठी मी पाकीट काढलं, तर बायकोने माझा हात बाजूला सारला आणि घरखर्चातून वाचवलेले स्वतःचे पैसे त्या बाईच्या हातात मोजून दिले.