आधी लोड काढा

दिवेलागण झाली की माझे पाय एका जागी ठरत नाहीत. मागच्या हिवाळ्यात तर कहरच. आई-बाबा दुपारी बाबांच्या छोट्या मोटरसायकलवर मळ्यात जात, केळीला पाणी फिरवून, म्हशीची धार काढून अंधारात सिंधीपुऱ्यात परत येत. मी नेपानगरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. रेल्वेने बुऱ्हाणपूरला उतरून घरी यायचो तेव्हा हे दोघं अजून यायचे असायचे. मग चहाचा कप घेऊन मी ओट्यावर, ओट्यावरून गल्लीच्या तोंडाशी, तिथून परत ओट्यावर. चहा गार. वाट जेमतेम वीस मिनिटांची, आणि यांना तास लागतो! का लागतो, विचारलं तर आई म्हणायची, "रस्त्यात माणसं भेटतात." थंडीत कोण बसलंय तिथं भेटायला?

एक दिवस बाबांनीच विषय काढला. "गाडीची लाइट कमी पडते रे. दोन मोठे दिवे लावून घेऊ. वर एक लाइटची पट्टी पण. आणि हॉर्न बदलू, कोणी ऐकतच नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या गावात पोरांनी गाड्या अशा नटवल्यात की वरातीतला घोडा बरा. आणि आता बाबांनाही तेच पाहिजे! मी बुटाची लेस बांधता बांधताच म्हणालो, "बाबा, आधी लोड काढावा लागतो. लोड काढल्याशिवाय काही लावायचं नाही, सांगून ठेवतो." आणि रेल्वे चुकेल म्हणून धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी भाजी घेऊन परत येतो तो काय, अंगणात मोटरसायकल अर्धी सोललेली! साडीगार्ड काढून पोत्यावर ठेवलेलं. मागची दोन्ही पायदानं काढलेली. मागे धरायची लोखंडी दांडीही काढलेली. दुधाची कॅन अडकवायचा हूक तेवढा जागेवर. बाबा पाना खाली ठेवून तेलकट हात पुसत उभे.

"घे. काढला लोड," ते म्हणाले. "आता लाव लाइट."

मी कपाळाला हात लावला, आणि मग असा हसलो की पिशवीतले टमाटे अंगणभर झाले. चूक त्यांची तरी कशी म्हणू? आमच्याकडे मोटरसायकलवरचा लोड म्हणजे एकच. केळीचे घड, चाऱ्याचा भारा, माणसं. "अहो बाबा, वजनाचा नव्हे, विजेचा लोड! काढायचा म्हणजे हिशोब काढायचा!"

"अच्छा," बाबा म्हणाले. बस, एवढंच.

आई दारात आली. गाडीकडे बघून म्हणाली, "मग मी पाय कुठं ठेवू?"

"तू थोडे दिवस नको येऊ," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. आई आत गेली आणि आतून एक पातेलं जोरात आदळल्याचा आवाज आला.

मी बाबांना ओट्यावर बसवलं आणि मास्तरकी सुरू केली. इंजिन फिरतं तशी गाडी वीज बनवते. त्यातली हेडलाइट खाते, मागचा दिवा खातो, स्पार्कला लागते, पेट्रोलच्या पंपाला लागते. उरेल ती आपली. तीही सगळी वापरायची नाही, थोडी हातची राखायची. उधळेपणा केला की बॅटरीतून जायला लागते आणि एक दिवस गाडी मळ्यातच बसते.

"लोड नको घेऊ रे. किक आहे ना."

"किक मारून पाय सुजेल, बाबा! ही नवीन गाडी आहे. हिच्यात पेट्रोल पण बॅटरीच चढवते. बॅटरी पार उतरली की किक नुसती शोभेला."

आता मला गाडीची चाल पाहिजे होती, कारण इंजिन सावकाश फिरलं की वीजही कमीच बनते. "येताना चाळीस-पन्नासने तर येता ना?"

बाबा पाना पुसायला लागले. आतून आईचा आवाज आला, "सायकलवाले आम्हाला टाकून पुढं जातात."

"काय सांगते! आणि हॉर्न कितीदा वाजवता?"

"मळ्यापासून घरापर्यंत वाजवतात. ब्रेकवरून पाय तर उचलतच नाहीत."

मला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं, आणि खरं सांगतो, मोठा आनंद झाला. चाल एवढी कमी, त्यात अख्खा रस्ता हॉर्न आणि ब्रेकचा दिवा चालू. मग वीज पुरणार कशी? हेडलाइट मंद पडणारच! नवीन दिवे लावायची गरजच नाही, नुसतं जरा जोरात चालवा. मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला.

"आणि पटत नसेल तर दाखवतो," असंही म्हणालो, आणि त्या दिवशीची म्हशीची धार शेजारच्या मळेवाल्यावर सोपवायला लावली. अंधार पडेपर्यंत मला दम निघेना. दोनदा गाडी चालू करून बघितली, उजेड असताना काय दिसणार? शेवटी दिवेलागण झाली. समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे गाडीचं तोंड केलं, शाळेतून घरी आणून ठेवलेला वीज मोजायचा मीटर बॅटरीला लावला आणि किक मारली.

मीटर ठीक. भिंत अशी उजळली की पोपडा न् पोपडा मोजून घ्यावा. इंजिन तर नुसतं हळू चालत होतं. म्हणजे माझा निकालही चुकला होता.

"मंद आहे," बाबा म्हणाले.

मी रेस वाढवली. "आता?"

"मंदच आहे."

माझं डोकं सटकलं. "काय मंद आहे, बाबा! भिंतीवरची पाल दिसतेय इथून!"

बाबांनी मान पुढे काढली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"कुठली पाल?"

मी गाडी बंद केली. आई दारात येऊन उभी होती आणि तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागची बाग निघाली तेव्हापासून," बाबा म्हणाले. म्हणजे केळीचं एक अख्खं पीक लागून, वाढून, कापूनही झालं होतं. "दिवसा चालतं. अंधार पडला की सगळं धुरकट."

"मी मागून सांगत असते ना," आई म्हणाली. "बैलगाडी आली, माणूस आहे, गुरं आहेत. वाट त्यांना पाठच आहे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!" मी ओरडलो.

"तू गाडी बंद करून ठेवली असती."

असतीच. खोटं कशाला बोलू?

बाबा पोत्यावरच्या साडीगार्डकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं विहिरीवर मोटर चालवतो मी. लोड काढणं कशाला म्हणतात, एवढं मला कळत नाही होय? परवा समोरून ट्रॅक्टर आला, हिनं ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. लाइट वाढून दिसलं तर ठीक. नाहीतर मी एकटाच जात जाईन. पडलो तर एकटा पडेन. ती नको मागं."

"आणि मी घरी बसून काय करू?" आईचा आवाज चिरकला. "याच्यासारख्या येरझारा घालू?"

मी सकाळपासून अंगणात तसेच पडून राहिलेले टमाटे उचलायला लागलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. बाबा हो म्हणाले, पण पाणी द्यायची पाळी होती, म्हणून मळ्यात जायचंच म्हणून हटून बसले. सोमवारी मी रजा टाकली, सकाळीच पायदानं बसवली आणि गाडी हातात घेतली. आईला घरी ठेवलं, तिनं तोंड फिरवून घेतलं. येताना अंधार झाला. हेडलाइटमध्ये दोन्ही बाजूंची केळी हिरवीगार दिसत होती, रस्ता लख्ख. माझ्या आयुष्यात मी ती गाडी एवढ्या सावकाश चालवली नव्हती.

"पुलिया आली," बाबा मागून म्हणाले. ओढ्यावरचा तो छोटा पूल खरंच आला होता. "आता डावीकडून घे. मोठा खड्डा आहे."

समोर खड्डा नव्हता. पावसाळ्यानंतर तो बुजवून वर डांबर टाकलं होतं, काळंभोर, सपाट. एवढे दिवस ते रोज आईला घेऊन त्या नसलेल्या खड्ड्याला वळसा घालत आले होते. मी सांगायला तोंड उघडलं. माझ्या तोंडाला तसंही कुलूप नसतं.

"घे ना रे डावीकडून," ते घाईने म्हणाले आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

मी गाडी डावीकडून घेतली.